विषाला औषध म्हणणे सोडा!

शेतकरी व बलुतेदार बंधुभगिनींनो, आज आम्ही एका शब्दाविरुद्ध तक्रार घेऊन आपल्यापुढे आलो आहोत. तो शब्द म्हणजे ‘औषध’. ‘कांद्याला औषध मारले काय?’ ‘उसाला कोणते औषध ओतले?’ ‘औषधाची उधारी किती झाली?’ ही भाषा आमच्या राहुरी तालुक्यात पारावर, बाजारात, सोयऱ्याधायऱ्यांच्या घरी, सर्वत्र चालू आहे. औषध म्हणजे जीव वाचविणारी वस्तू. मग ज्या डब्यावर कायद्याने लाल त्रिकोण आणि कवटी व हाडे छापावी लागतात, जो डबा पोराबाळांच्या हाती लागू नये म्हणून घरातील बाई रात्रंदिवस जपते, आणि जो रिकामा झाल्यावरही धुऊन त्यात पाणी भरले तर सारे घर दवाखान्यात जाते, त्यातील वस्तूस औषध कोण म्हणतो? विकणारा म्हणतो, आणि त्याचे ऐकून आम्ही म्हणतो. विकणाऱ्याचा त्यात लाभ आहे. आमचा कोणता?

पाहा, आपला बैल आजारी पडला तर आपण जनावरांच्या डॉक्टरास बोलावितो. तो जनावर पाहतो, मग सांगतो. पिकावर कीड पडली म्हणजे मात्र आपण पिकाकडे पाठ फिरवून दुकानाकडे तोंड करतो. दोन पाने खिशात घालतो आणि गल्ल्यामागे बसलेल्या माणसास विचारतो, ‘ह्याला काय मारू?’ जो रोग सांगतो तोच बाटली विकतो, आणि जो बाटली विकतो त्यासच कंपनीकडून विक्रीवर बक्षीस मिळते. असा वैद्य कधी म्हणेल काय की, ‘बाबा, आठ दिवस थांब, तुझ्या शेतातले ढालकिडेच हा मावा फस्त करतील’? तो एक बाटली मागितली तर तीन देतो, ‘मिसळून मार’ म्हणतो, आणि पैसे नाहीत म्हटले तर वहीत लिहून घेतो. पीक निघाले की पहिला वाटा त्या वहीचा. आमच्या पणजोबांना ज्या वहीने नागविले तिच्यावर व्याज लिहिलेले असे, हिच्यावर बाटल्या लिहिलेल्या आहेत, एवढाच फरक! सगळेच दुकानदार असे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण शेतकऱ्याचे ज्ञान जेथे संपते तेथून दुकानदाराचा नफा सुरू होतो, ही व्यवस्थाच वाईट आहे.

ह्या व्यवस्थेची किंमत कोण देतो? सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, तोंडाला फडके नाही, अंगात फाटका सदरा, पंपात दोनतीन विषांचे मिश्रण, आणि सर्व फवारा तोंडावर. सरकारने चौकशीस पथक नेमले, वर्तमानपत्रांनी आठ दिवस लिहिले, आणि पुन्हा सर्व शांत झाले. आम्ही विचारतो, पंप कोणाच्या पाठीवर होता? तो बहुधा अल्पभूधारकाच्या किंवा रोजंदारीवर आलेल्या मजुराच्या पाठीवर होता. विष तयार करणारा शहरात, विकणारा सावलीत, आणि मरणारा उन्हात! दुसऱ्या दिवशी त्याच ओलसर पिकात खुरपायला जातात त्या आमच्या आयाबहिणी. त्यांच्या डोकेदुखीची आणि मळमळीची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही.

कोणी म्हणेल, सरकारने मान्यता दिलेली वस्तू आहे, मग भय कसले? त्यांस आम्ही एंडोसल्फानची आठवण देतो. ही वस्तू वर्षानुवर्षे खेडोपाडी दुकानांतून ‘औषध’ म्हणूनच विकली जात होती. केरळातील कासारगोड भागात तिने लोकांची दैना केली, तेव्हा सन २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. काल ज्यास औषध म्हणून आम्ही पैसे मोजले, तेच आज गुन्हा ठरले. उद्या कोणते ठरेल हे कोणी सांगावे?

बरे, माणसे मेली, पैसे गेले, पण कीड तरी गेली काय? नाही. आणि ती का जात नाही हे समजून घेणे, हाच आमच्या आजच्या लेखाचा मुख्य हेतू आहे. शेतात जे जे हलते ते सर्व शत्रू नसते. मावा हा रस शोषणारा किडा नराशिवायच पिले घालतो, आणि ते पिलू आठवड्या-दहा दिवसांत स्वतः आई होते. ढालकिडा, हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा, कोळी, चतुर, बारीक गांधीलमाशीच्या जातीचे परोपजीवी किडे हे त्या माव्यास व अळ्यांस खाऊन राहतात. परंतु त्यांची वाढ सावकाश होते. आता तुम्ही जहाल विष मारले. मावाही मेला, ढालकिडाही मेला. मागे जो थोडा मावा उरला त्यास खाणारे कोणी राहिले नाही. पंधरा दिवसांत तो पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन उभा! शिवाय जो उरला तो विष पचवून उरला, म्हणून त्याची पिलेही विषास जुमानीत नाहीत. मग दुसरी बाटली, मग तिसरी, मग अधिक जहाल. चोर आला म्हणून राखणदारासकट सर्वांस गोळ्या घालाव्यात आणि पुढच्या चोरासाठी दार उघडे ठेवावे, तसा हा प्रकार आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ह्या म्हणीचा ह्याहून चांगला दाखला मिळणार नाही.

कपाशीचेच पाहा. सन २००२ साली बीटी कपाशीचे बियाणे आपल्या देशात आले, सन २००६ साली त्याची सुधारलेली जात आली. ‘आता बोंडअळी संपली’ अशी दवंडी पिटली गेली. त्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावावयाची होती. का? तर त्या साध्या कपाशीवर वाढलेल्या अळीचे पतंग बीटीवर टिकलेल्या पतंगांशी जुळावेत आणि बीटीस न जुमानणारी जात वाढू नये म्हणून. हे कारण किती शेतकऱ्यांस समजावून सांगितले गेले? बहुतेकांनी ती पुडी भेसळ समजून फेकून दिली. त्यातच डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेण्याची चाल पडली, म्हणजे गुलाबी बोंडअळीस बारा महिने जेवण वाढून ठेवले! सन २०१७ च्याच हंगामात त्या अळीने महाराष्ट्रात कपाशीची बोंडे आतून पोखरून टाकली. बियाणे विकणाऱ्यांनी बियाणे विकले, पण त्याबरोबरची विद्या दिली नाही. बियाण्याचा पैसा त्यांना मिळाला आणि विद्येवाचून झालेले नुकसान आमच्या पदरी आले.

ह्याच्या उलट एक गोष्ट सांगतो, ती ऊसवाल्यांनी विसरता कामा नये. सन २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उसाच्या पट्ट्यात पसरला. पाने पांढऱ्या लोकरीने झाकली, खाली काळी बुरशी साचली. उंच वाढलेल्या उसात शिरून फवारावे तरी कसे? तेव्हा जे कामी आले ते बाटलीतले विष नव्हते. डिफा नावाची, त्या माव्यावर जगणारी अळी, मायक्रोमस नावाचा किडा आणि सिरफिड माशी ह्यांनी तो मावा खाल्ला. जेथे हे मित्रकिडे होते तेथील पाने कापून जेथे नव्हते तेथे नेऊन बांधली गेली. शास्त्रज्ञांनी ते ओळखले, वाढविले, वाटले, शेतकऱ्यांनी ते जपले, आणि लोकरी माव्याचे संकट आटोक्यात आले. जेथे अविचाराने फवारणी झाली तेथे हे मित्रच आधी मरणार, हे उघड आहे.

परदेशातही हीच गोष्ट घडली आहे. इंडोनेशिया नावाच्या भात पिकविणाऱ्या देशात सरकार विषावर स्वतः पैसे देत होते. जितके अधिक फवारले तितका तपकिरी तुडतुडा वाढला आणि भात जळाले. सन १९८६ साली तेथील सरकारने भातावर वापरली जाणारी ५७ कीटकनाशके एका हुकुमाने बंद केली आणि पुढे त्यांवरील सरकारी मदतही काढून घेतली. मग सन १९८९ पासून बांधावरच्या शेतीशाळा काढल्या. तेथे शेतकरी स्वतः किडे मोजतात, मित्र कोण शत्रू कोण हे आपल्या डोळ्यांनी ठरवितात. फवारणी घटली आणि भात काही बुडाला नाही. ‘औषध नाही मारले तर पीक हातचे जाईल, मास्तर, तुम्ही भरून द्याल काय?’ असे आम्हांस विचारणाऱ्यांस हे आमचे उत्तर आहे.

आता घरचा विचार करू. नगर-मनमाड रस्त्यावर आमच्या राहुरीतच सन १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. त्याच १९६८ साली कीटकनाशकांचा कायदाही झाला. विद्यापीठाच्या कमानीवर नाव कोणाचे आहे? महात्मा जोतीराव फुल्यांचे. ज्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोण कसे पोसले जाते हे चव्हाट्यावर मांडले त्यांचे. तेथील विद्वानांनी काम केले नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दरवर्षी ‘कृषिदर्शनी’ निघते, मेळावे भरतात, वाण निघतात. सन २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीने कहर केला, त्यानंतर सन २००९ पासून राज्य सरकारने ‘क्रॉपसॅप’ ही किडीवर पाळत ठेवण्याची योजना काढली. हे सर्व चांगले आहे. परंतु त्या कमानीसमोरून रोज जाणारा शेतकरी अजून उत्तर विचारावयास दुकानातच जातो, हे खोटे आहे काय?

ह्याचे एक कारण भाषा आहे. ‘एकात्मिक कीड व्यवस्थापनांतर्गत आर्थिक नुकसानीची संकेत पातळी ओलांडल्यानंतरच शिफारशीत कीटकनाशकांचा अवलंब करावा.’ सांगा, हे वाचून आमच्या वाड्यावस्त्यांवरील किती जणांस अर्थ कळेल? जुन्या काळी पोथी संस्कृतात असे म्हणून आम्हांस ती कळत नसे. आता मराठीतल्या संस्कृतात आली, म्हणून कळत नाही! अर्थ तर इतका सोपा आहे: ‘कीड दिसली म्हणून लगेच मारू नका. आधी मोजा. फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान मोठे होणार असेल तेव्हाच हात उचला, आणि त्याआधी बिनविषाचे सर्व उपाय करून पाहा.’ ह्यास आमच्या आजोबांच्या भाषेत एकच शब्द आहे, ‘राखण’. पाखरांपासून, डुकरांपासून राखण करणारा माणूस माळ्यावर बसून पाहतो. जागेवर पडून गोफण फिरवीत नाही. किडीची राखणही तशीच डोळे उघडे ठेवून करावयाची आहे.

दुसऱ्या बाजूस आणखी एक बुवाबाजी सुरू झाली आहे, तिचाही समाचार घेतला पाहिजे. ‘जैविक’, ‘सेंद्रिय’, ‘शंभर रोगांवर एक’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या घेऊन काही लोक खेडोपाडी फिरतात. आत काय आहे हे चिठ्ठीवर नाही, पक्की पावती नाही, परवाना नाही. अंगाऱ्याधुपाऱ्यावर आमचा विश्वास नाही, मग बाटलीतल्या अंगाऱ्यावर का ठेवावा? जुने तेवढे सोने म्हणणे आणि नवे तेवढे खरे म्हणणे, दोन्ही आंधळेपणच. जे मोजून, पाहून, पडताळून खरे ठरते तेच आपले.

असो. नुसती टीका करून पोट भरत नाही. आमच्या तालुक्यातील गावांनी काय करावे ते सांगतो.

पहिले काम हुमणीचे. मुळेच्या आणि प्रवरेच्या पाण्यावरच्या उसाचा हा मोठा वैरी. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी अंधार पडताच हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर ह्या झाडांवर पाला खाण्यास व जुळण्यास जमतात. पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी घालते. म्हणजे जूनमध्ये एक मादी मारली तर ऑगस्टमध्ये पन्नास अळ्या कमी. त्या चारआठ रात्री साऱ्या गावाने फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत, गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. झाडाजवळ दिवा टांगून खाली पाण्याची पाटी ठेवली तरी पुष्कळ पडतात. पुढे अळी मोठी होऊन मुळात बसली की कितीही विष ओता, ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही, विहिरीपर्यंत मात्र पोहोचते. पीक निघाल्यावर खोल नांगरट करावी. नांगरामागे उतरणारे बगळे आणि साळुंक्या फुकट काम करतात. मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतातून दिली तर ती अळीस रोगी करते. पण ध्यानात ठेवा, एकट्याने आपल्या बांधावर भुंगेरे वेचून उपयोग नाही. शेजारच्या लिंबावरचा भुंगा तुमचा सातबारा विचारून येत नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण हुमणीस तंतोतंत लागू आहे.

दुसरे, कपाशी असेल तर एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात रोज रात्री आठ पतंग असे सलग तीन रात्री पडले, किंवा शंभर फुलाबोंडांत दहा किडलेली निघाली, तरच पुढचा उपाय. मिटलेल्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे. फरदडीच्या दोन क्विंटलांच्या लोभाने पुढच्या वर्षीचे पीक घालवू नये.

तिसरे, हरभऱ्यात पक्ष्यांना बसण्यास जागोजागी आडव्या काठीच्या खुंट्या रोवाव्यात. गावचा सुतार उरल्यासुरल्या लाकडातून त्या एका दुपारी करून देईल. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटे अळी वेचतात. मीटरभर ओळीत एकदोन अळ्या दिसू लागल्या की मग हात उचलावा, त्याआधी नाही. कांद्याभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच लावल्या तर फुलकिड्यांस आडोसा होतो.

चौथे, निंबोळी. जून-जुलैत आपल्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो तुडवीत आपण दुकानात जातो! निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवाव्यात. पाच किलो कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून, दोनशे ग्रॅम साबण एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालावा आणि शंभर लिटर पाणी करून फवारावे. ह्याची पावती लागत नाही, उधारी लागत नाही.

पाचवे, इतके करूनही विष घेणे भागच पडले तर ते विष आहे हे जाणून घ्यावे. डब्यावरचा त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पक्की पावती मागावी. तो आपला हक्क आहे. सोबतची चिठ्ठी मराठीतही असते, अक्षर मुंगीच्या पायाएवढे असले तरी शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावी. स्वतःच्या मनाने दोन विषे मिसळू नयेत. वाऱ्याच्या तोंडी, उपाशीपोटी, उघड्या अंगाने फवारू नये. मजूर लावला तर हातमोजे, तोंडबांधणी आणि अंगभर कपडे देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, मेहरबानी नाही. चक्कर आली, घाम सुटला, दृष्टी धूसर झाली तर काम टाकून लगेच दवाखाना गाठावा आणि डबा बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरास विष कोणते ते कळेल.

सहावे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे, शाळा. मराठी शाळेतील प्रत्येक मास्तराने आपल्या मुलांस आठवड्यातून एकदा बांधावर न्यावे. ढालकिडा कोणता, त्याची काटेरी अळी कोणती, मावा कोणता, हे मुलांनी वहीत काढावे. ढालकिड्याची अळी शत्रू समजून चिरडणारे मोठे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस त्यांचीच सातवीतील मुलगी थांबवील तो दिवस आम्हांस पाहावयाचा आहे. आणि विद्यापीठास व कृषी खात्यास आमची मागणी आहे की शेतीशाळा गावोगावी पेरणीपासून काढणीपर्यंत चालवा, मजुरांस आणि बायकांस त्यात बोलवा, आणि तुमचे सल्ले आमच्या बोलीत लिहा. फुल्यांचे नाव कमानीवर आहे. ते बांधापर्यंत आणणे तुमच्याकडे आहे.

बांधवांनो, येत्या वळवाच्या पावसापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय काढा. कोणत्या आळीने कोणती लिंबाची झाडे झाडावयाची, दिवे कोण देणार, पाट्या कोण आणणार, हे नावानिशी ठरवा. सुतार, कुंभार, मजूर सर्वांस बोलवा, कारण विहीर सर्वांची आहे. आणि त्या सभेत कोणी ‘औषध’ म्हणाला तर त्यास तेथल्या तेथे म्हणा, ‘विष म्हण, बाबा.’